पराभवाचे वाटेकरी

विजयाच्या दिवशी कोण आपला आणि कोण परका हे ओळखायला काही मार्गच नसतो. त्या दिवशी सगळेच आपले! मिठाईच्या दुकानातले पेढे संध्याकाळीच संपतात, एरवी जिन्यात गाठ पडली तर मान फिरवणारा शेजारी घरात येऊन हक्काने चहा मागतो, आणि ज्या गृहस्थाला पायचीत म्हणजे काय हे आजतागायत समजलेले नाही, तोही 'आपण जिंकलो हो!' म्हणून रस्ताभर सांगत सुटतो. असतील शिते तर जमतील भुते, ही म्हण आपल्या पूर्वजांनी जेवणावळी पाहून केली असावी. पण त्यांच्या गावात क्रिकेटचे मैदान असते, तरी त्यांना ती सुचलीच असती.

खरी मोजदाद होते ती पराभवाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. पराभव म्हणजे थोडक्यात हुकलेला सामना नव्हे. चांगला सपाटून खाल्लेला मार. अशा सकाळी वर्तमानपत्राचे खेळाचे पान न उघडताच घडी घालून ठेवणारे लोक असतात. तेच पान तीनतीनदा वाचून तीनतीनदा चडफडणारे लोक असतात. आणि 'छे, मी तर हल्ली बघतच नाही बुवा' म्हणून शांतपणे चहा पिणारेही असतात. या तिघांत निष्ठावंत कोणाला म्हणायचे, एवढाच आजचा प्रश्न आहे.

दिवाळीच्या अंकात पराभवाची पुराणे कशाला, असे एखाद्या वाचक भगिनीच्या मनात येईल. पण जरा विचार करा. लक्ष्मीपूजन काय फक्त ज्याच्या घरी वर्षभर लक्ष्मी नांदली तोच करतो? ज्याच्या कपाटात खडखडाट असतो तोही करतो. किंबहुना जरा अधिकच मनोभावे करतो. 'यंदा आली नाहीस, बरे. पुढल्या वर्षी पाहू' असे म्हणून तो उंबरठ्यावर पणती लावतोच. तेव्हा हा विषय दिवाळीला तितकासा परका नाही.

शिवाय पराभवाविषयी बोलायचा अधिकार आम्हा नागपूरकरांना नाही, तर कोणाला? भारताचे पहिले कसोटी कप्तान कर्नल सी. के. नायडू हे जन्माने नागपूरचे. १९३२ साली लॉर्ड्सवर त्यांच्या हाताखाली भारत पहिला कसोटी सामना खेळला आणि १५८ धावांनी हरला. म्हणजे आमच्या माणसाने श्रीगणेशाच केला तो असा! पुढे १९६९ च्या ऑक्टोबरात, दिवाळीच्या महिनाभर आधी, नागपुरात पहिलावहिला कसोटी सामना झाला. केवढा थाट, केवढी हौस! पाहुणे न्यूझीलंडचे. त्यांनी तोवर भारतात एकही कसोटी जिंकलेली नव्हती. ती त्यांनी आमच्याकडे जिंकली. दुसऱ्या डावात आपले सगळे गडी १०९ धावांत बाद झाले आणि सामना १६७ धावांनी गेला. पाहुणचार म्हणतात तो हा!

एवढ्यावर भागले असते तरी हरकत नव्हती. पण २००४ च्या ऑक्टोबरात ऑस्ट्रेलियाने आम्हाला याच शहरात ३४२ धावांनी हरवले आणि ३५ वर्षांनी भारतात मालिका जिंकली. खेळपट्टीवर गवत ठेवले होते. त्या गवताची चर्चा अशी रंगली की, नागपूरचे नाव काढताच लोकांना आधी संत्री आठवायची, ती काही दिवस गवत आठवू लागले. २०१० च्या फेब्रुवारीत, आता जामठ्याच्या नव्या मैदानावर, दक्षिण आफ्रिकेच्या हाशिम आमलाने नाबाद २५३ धावा केल्या, डेल स्टेनने ५१ धावांत ७ बळी घेतले आणि आपण डावाने हरलो. जामठ्यावर भारताचे विजयही पुष्कळ झाले आहेत. २०१७ साली श्रीलंकेला आपण एक डाव आणि २३९ धावांनी हरवले होते. पण मनुष्यस्वभाव असा की, जिंकलेले सामने आकड्यांत राहतात आणि हरलेले अंगात मुरतात.

सर्वांत खोल मुरलेला सामना मात्र १२ मार्च २०११ चा. विश्वचषक स्पर्धा, समोर दक्षिण आफ्रिका, आणि मैदान निळ्या सदऱ्यांनी तुडुंब. सचिन तेंडुलकरचे शतक झाले. ते त्याचे ९९ वे आंतरराष्ट्रीय शतक. धावफलकावर १ बाद २६७. आमच्या मागच्या ओळीतले एक गृहस्थ मोठ्याने साडेतीनशेच्या पुढचे हिशेब मांडत होते. आणि मग उरलेले ९ गडी अवघ्या २९ धावांत गेले! २९६ सर्वबाद. तरीही सामना अखेरच्या षटकापर्यंत धुगधुगत होता. पाहुण्यांना १३ धावा हव्या होत्या. चेंडू आशिष नेहराच्या हाती गेला आणि रॉबिन पीटरसनने चार चेंडूंतच काम उरकले.

त्या रात्री वर्धा रोडवरून शहराकडे परतणाऱ्या गर्दीत जे कानांवर पडले ते या अंकात छापण्याजोगे नाही. शेवटचे षटक कोणाला द्यायला हवे होते यावर बापलेकांत भांडणे झाली. एका तरुणाने अंगातला निळा सदरा काढून खांद्यावर टाकला होता आणि 'पुन्हा म्हणून बघणार नाही बे!' असे तो मित्रांना शपथेवर सांगत होता. बरोबर २१ दिवसांनी, २ एप्रिलला, मुंबईत भारताने विश्वचषक जिंकला. संपूर्ण स्पर्धेत भारत एकच सामना हरला होता, आणि तो नागपुरात. त्या तरुणाचे नाव-गाव मला माहीत नाही. पण २ एप्रिलच्या मध्यरात्री तो रस्त्यावर नाचत होता, याविषयी मला तिळमात्र शंका नाही.

आता कोणी म्हणेल, हा कसला निष्ठावंत? तीन आठवड्यांत शपथ मोडली! मला मात्र तो तरुण खरा वाटतो. परक्याच्या मुलाला नापास झाल्याबद्दल कोणी रागे भरत नाही. 'होईल हो पुढल्या वेळी' म्हणतो आणि विषय बदलतो. चिडचिड होते ती आपल्या मुलाच्या गुणपत्रिकेवर. रागाला आधी नाते लागते. तेव्हा पराभवानंतर चडफडणारा मनुष्य निष्ठेत कमी पडला असे मी मानत नाही. उलट त्या चडफडण्यातच त्याने आपला वाटा उचललेला असतो.

परंतु रागाला जसे नाते लागते तशी मर्यादाही लागते, आणि ती ओलांडण्याचे दाखले आपल्याकडे कमी नाहीत. अजित वाडेकरांच्या संघाने १९७१ साली वेस्ट इंडीजला आणि इंग्लंडला त्यांच्याच भूमीवर हरवले. त्या पराक्रमाची आठवण म्हणून इंदूरला सिमेंटची एक भली मोठी बॅट उभारण्यात आली. १९७४ साली तोच संघ इंग्लंडमध्ये लॉर्ड्सवर ४२ धावांत गारद झाला, तिन्ही कसोट्या हरला, आणि लोकांनी ती बॅटच विद्रूप केली. वाडेकरांच्या घरावर दगड आले ते वेगळेच. २००७ च्या मार्चमध्ये बांगलादेशाकडून विश्वचषकात हार झाली, तेव्हा रांचीला धोनीच्या बांधकाम चालू असलेल्या घराची मोडतोड झाली. सहाच महिन्यांनी त्याच धोनीने ट्वेंटी-२० चा विश्वचषक आणला, तेव्हा हार घेऊन धावणाऱ्यांत हे दगडवाले नसतील असे कोण सांगू शकेल?

हे केवळ क्रिकेटचेच आहे असे नाही. फुटबॉलचे वेड तर याहून कडक. आमच्या शेजारच्या कामठीत ते पिढ्यान्पिढ्या आहे. ब्राझीलमध्ये १९५० साली विश्वचषकाच्या निर्णायक सामन्यात उरुग्वेने यजमानांना २-१ ने हरवले. त्याचा दोष गोलरक्षक बार्बोसाच्या माथी बसला तो २००० साली तो मरेपर्यंत पुसला गेला नाही. एका दुपारची शिक्षा पन्नास वर्षे! २०१४ साली त्याच देशात उपान्त्य सामन्यात जर्मनीने ब्राझीलला ७-१ ने लोळवले, तेव्हा अर्ध्या तासाच्या आतच पाच गोल झाले होते. आणि कलकत्त्याला १९७५ साली ईस्ट बंगालने मोहन बागानला ५-० ने हरवले, त्यानंतर मोहन बागानच्या एका तरुण चाहत्याने स्वतःचा जीवच संपवला. दगड दुसऱ्यावर फेकलेला असो की स्वतःवर. ज्या क्षणी तो हातात येतो त्या क्षणी खेळ संपलेला असतो. ज्या घरात खेळाचे वेड आहे, तेथल्या वडीलधाऱ्यांनी ही गोष्ट मुलांना शांतपणे सांगून ठेवावी. हरलेला सामना दुसऱ्या दिवशी जुना होतो. गेलेले माणूस परत येत नाही.

दगड मारणारे निदान ओळखू तरी येतात. निष्ठेला खरी कीड लागते ती निमूटपणे उठून जाणाऱ्यांची. १५ मार्च २०१६ ला जामठ्यावर भारत न्यूझीलंडविरुद्ध ट्वेंटी-२० विश्वचषकाचा सामना खेळला. १२७ धावा करायच्या होत्या. आपण ७९ धावांत संपलो. सामना ४७ धावांनी गेला. मी तेथे होतो. शेवटची जोडी खेळत होती तेव्हा आजूबाजूच्या खुर्च्या रिकाम्या होत चालल्या होत्या. कोणी शिव्या दिल्या नाहीत, कोणी ओरडले नाही. गाडी लवकर काढली तर गर्दी टळेल, एवढाच विचार. ते पाहून मला पराभवापेक्षा अधिक वाईट वाटले. आणि आमच्या मोठ्या काकांची आठवण झाली.

मोठे काका सरकारी कचेरीत कारकून होते. १९५७-५८ च्या मोसमात विदर्भाचा संघ रणजी करंडकात उतरला, तेव्हापासून ते सिव्हिल लाइन्सच्या जुन्या मैदानावर जाऊ लागले. अर्धी रजा टाकायची, डब्यात पोळी-भाजी, खिशात पेन्सिल, आणि बगलेत एक जाडजूड वही. त्या वहीत ते प्रत्येक चेंडूची नोंद करीत. आता विदर्भाचा संघ त्या काळी काय होता हे जुन्या वाचकांना सांगायला नको. हरणे हा आमचा नित्यक्रम, अनिर्णित राखणे हा आमचा सण! इकडे मुंबई १९५८-५९ पासून सलग पंधरा वर्षे करंडक नेत होती. त्यामुळे नागपुरातली पुष्कळ मराठी माणसे 'शेवटी मुंबईही आपलीच की!' म्हणून मुंबईच्या विजयाचे पेढे वाटून घेत. काकांना ते मुळीच खपत नसे.

लहानपणी मी एकदा त्यांना म्हटले, "काका, आपण मुंबईकडून होऊ या ना. ते रोज जिंकतात."

काकांनी वहीतून डोके वर न काढता उत्तर दिले, "आपला पोरगा नापास झाला, तर मंग शेजाऱ्याच्या पोराले आपला म्हणाचं का बे?"

काका काही संतमहात्मे नव्हते. मैदानावर त्यांची जीभ अशी सुटे की क्षेत्ररक्षकही मागे वळून पाहत. "अबे, पाय काढ ना समोर! का घरीच ठेवून आला?" ही त्यांची आवडती आरोळी. संध्याकाळी घरी येऊन ते निवड समितीपासून पंचांपर्यंत सर्वांचा उद्धार करीत. काकू पानावर वाढता वाढता म्हणत, "अहो, एवढा त्रास होतो, तर जाता कशाला?" यावर काका काही बोलत नसत. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र डब्यात पोळी-भाजी आणि बगलेत वही! आदल्या दिवशी कितीही मार खाल्लेला असो, काका मैदानावर हजर. मैदान जवळजवळ रिकामे. इनमीन शंभर माणसे असतील. त्या शंभरांच्या शिव्या खेळाडूंना ऐकू जात. मला वाटते, त्या शिव्यांवरच त्यांनी दिवस काढले. आपल्यावर रागावणारे कोणीतरी अजून येते आहे, हे हरणाऱ्याला कळणे फार मोठी गोष्ट असते.

२००९ च्या उन्हाळ्यात काका गेले. विदर्भाने रणजी करंडक जिंकला तो १ जानेवारी २०१८ ला. त्याच इंदुरात अंतिम सामन्यात दिल्लीला ९ गडी राखून हरवले. फैज फझल कप्तान, चंद्रकांत पंडित प्रशिक्षक, रजनीश गुरबानीची हॅट्ट्रिक, अक्षय वाडकरचे शतक. विजयाच्या धावा काढल्या वसीम जाफरने. पंडित आणि जाफर दोघेही मूळ मुंबईचे, हे ऐकून काका काय म्हणाले असते याचा आमच्या घरी अजून वाद चालतो. साठ वर्षांचा उपास सुटला. दुसऱ्या वर्षी नागपुरातच सौराष्ट्राला हरवून करंडक राखला. लोक म्हणाले, निष्ठेचे फळ मिळाले. मी काकांच्या सोळा वह्या ठेवलेल्या ट्रंकेकडे पाहिले. त्यांना कोणते फळ मिळाले होते?

हिशेब केला तर कोणतेही नाही. आणि असे हिशेब पुष्कळांचे बाकी आहेत. राजस्थानचा संघ १९६०-६१ ते १९७३-७४ या काळात रणजीच्या आठ अंतिम सामन्यांत खेळला आणि आठही हरला. त्यांतले सात मुंबईविरुद्ध. पहिला करंडक त्यांनी पाहिला तो २०१०-११ च्या मोसमात. त्या आठ पराभवांना साक्षी असलेले किती लोक तो पाहायला उरले असतील? फळ मिळणार म्हणून जे केले जाते त्याला आपण गुंतवणूक म्हणतो. काकांनी पोस्टात पैसे गुंतवले होते. विदर्भात ते फक्त जाऊन बसत होते. तीस-चाळीस वर्षे एका गोष्टीला आपली म्हणून बसणे, तिच्यावर रागावणे, आणि पुन्हा जाऊन बसणे, यातच त्यांचे मिळायचे ते मिळून गेले होते.

या सगळ्याची परीक्षा आमच्या घरात २०२४ च्या मार्चमध्ये झाली. रणजीचा अंतिम सामना, वानखेडे मैदान, आणि समोरासमोर मुंबई व विदर्भ! आमच्या सौ.चे माहेर दादरचे. मेहुणे त्या आठवड्यात दूरध्वनीवरून "काय भावोजी, कसे काय?" एवढेच विचारत, पण ते असे विचारत की जेवण गोड लागू नये. पहिल्या डावात विदर्भ १०५ धावांत आटोपला. मुंबईने पुढे ५३८ धावांचे लक्ष्य ठेवले. शेवटच्या दिवशी सकाळी ५ गडी बाद झाले होते आणि २९० धावा हव्या होत्या. बारा वर्षांच्या आमच्या चिरंजीवांनी 'संपले' म्हणून शाळेचे दप्तर उचलले.

पण कप्तान अक्षय वाडकर आणि कोवळा हर्ष दुबे संपायला तयार नव्हते. दोघांनी सकाळचे सगळे सत्र खेळून काढले. वाडकरचे शतक झाले, दुबेच्या ६५. जेवणानंतर वाडकर गेला आणि डाव कोसळला. ३६८ सर्वबाद, १६९ धावांनी पराभव. मुंबईचा तो ४२ वा करंडक. मेहुण्यांचा दूरध्वनी आला तो सौ.ने उचलला आणि काय आश्चर्य! दादरची ही लेक भावाला म्हणाली, "हो, जिंकलात. पण आमच्या मुलांनी घाम काढला की नाही?" लग्नानंतर इतक्या वर्षांनी मी तिच्या तोंडून 'आमच्या' हा शब्द विदर्भासाठी प्रथमच ऐकला. विजयाच्या दोन्ही वर्षी तो आला नव्हता. पराभवाने तो आणला.

संध्याकाळी चिरंजीव शाळेतून आले ते तोंड फुगवून. दुबेने तो फटका मारायलाच नको होता, यावर त्यांनी जेवेपर्यंत व्याख्यान दिले. मी ते सगळे ऐकून घेतले. मग त्यांनी विचारले, "बाबा, पुढच्या वर्षी पुन्हा असेच झाले तर?"

"तर पुन्हा असेच रागवायचे," मी म्हणालो. "पण त्याआधी पुन्हा जाऊन बसायचे. जो जातो त्यालाच रागवायचा हक्क."

पुढच्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या फेब्रुवारीत, जामठ्यावर उपान्त्य सामन्यात विदर्भाने त्याच मुंबईला ८० धावांनी हरवले. २ मार्चला केरळविरुद्धचा अंतिम सामना अनिर्णित राहून पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर करंडक तिसऱ्यांदा घरी आला. हर्ष दुबेने त्या मोसमात ६९ बळी घेतले; रणजीच्या एका मोसमातला तो विक्रम ठरला. चिरंजीव अंतिम सामन्याला गेले होते. करंडक मिळाल्याचा आनंद होताच; पण घरी आल्यावर त्यांनी पहिली तक्रार केली ती अशी की, तिसऱ्या दिवशी अमुक एकाने सोपा झेल सोडला आणि कोणी त्याला काही बोललेच नाही!

मी सौ.कडे पाहिले. ती हसत होती. ट्रंकेतल्या शेवटच्या वहीत बरीच पाने कोरी आहेत. थंडी पडू लागली की मी ती त्याच्या हाती देणार आहे, आणि बरोबर एक पेन्सिल. पोळी-भाजीचे तेवढे सौ.ने कबूल केले आहे.